पापणी उघडी असेतोवर

४ फेब्रुवारी

‘तू ऱ्हाय न ऱ्हाय, तुझं नाव ह्या घरातून कुनी काढनार न्हाई.’

सासूबाई हे बोलल्या तेव्हा जीप सुरू झाली होती. सेनगावच्या फाट्यावर मला सोडायला त्या एकट्याच आल्या होत्या. पदर दातात धरलेला, त्यामुळे अर्धं वाक्य पदरातच राहिलं, तरी मला पूर्ण ऐकू आलं. तेव्हा लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि विश्वंभरांनी रीताला घरी आणून महिना होत आला होता. भांडण असं काही झालं नाही. मी आपणहून निघाले असं गावात सांगतात. मीही तसंच सांगते.

(नवऱ्याचं नाव वहीत लिहायला हरकत नाही. तोंडानं मी अजून घेत नाही.)

आज हे वाक्य आठवायचं कारण, नांदेडच्या दवाखान्यात समाजसेवेच्या खोलीत बसणाऱ्या मॅडम. माझ्या गोळ्या तिथल्या औषधखिडकीवर नसतात, बाहेरून घ्याव्या लागतात. चार वर्षं घेतेय. डॉक्टरांनीच आज त्यांच्याकडे पाठवलं. मॅडम म्हणाल्या, गरीब पेशंट असेल तर अशी औषधं दवाखाना दर महिन्याला विकत आणून देऊ शकतो, पण धान्य मिळणारं रेशन कार्ड पाहिजे आणि त्यावर माझं नाव पाहिजे. अस्सल कार्ड, झेरॉक्स चालत नाही.

मी म्हटलं, ‘कार्डच नाही मला.’

‘असं कसं? बाईमाणूस कुठल्या ना कुठल्या कार्डावर असतंच. बघा घरी जाऊन.’

एसटीत बसल्यावर विचार केला, घरी म्हणजे कुठं?

७ फेब्रुवारी

काम बरं आहे. लग्नसराईच्या साड्या आल्यात, फॉल-पिकोच्या. सकाळी मशीन चालवते तोवर डोळे ठीक असतात. दुपारनंतर डावी पापणी उतरते, मग उजवी. बोलणं नाकातून येतं. आजाराचं नाव मायस्थेनिया. नसा सांगतात आणि स्नायूंना ऐकू जात नाही, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. गोळी घेतली की थोड्या वेळानं ऐकू जातं, काही तास. म्हणून दिवसातून चार.

मी तीन घेते. संध्याकाळची सोडते. संध्याकाळी माझं तोंड बघायला कोण येतंय?

मेडिकलवाले गोपीचंद आज म्हणाले, ‘ताई, कंपनीने फिर भाव बढाया. पूरा कोर्स देऊ, का नेहमीसारखा?’ नेहमीसारखा म्हणजे कमी. भला माणूस आहे, चारचौघांत कमी म्हणत नाही. सरकारी स्वस्त औषधाच्या दुकानातही त्यांनीच विचारून ठेवलं होतं. ही गोळी तिथं येत नाही.

घरमालकीण भिकाबाई दारात उन्हाला बसल्या होत्या. तांड्यावरून मुलाकडे हिंगोलीला आल्याला त्यांना दहाएक वर्षं झाली, पण हातभरचे बलोये, त्या पांढऱ्या बांगड्या, उतरवल्या नाहीत. मला म्हणाल्या, ‘काहून गं कुशावर्ता, मला डोळा मारून राहिली? म्हातारीला?’

हसले. हसताना ओठाचे कोपरे वर जात नाहीत, त्यामुळे मी हसले हे त्यांना कळलं की नाही, माहीत नाही.

१७ फेब्रुवारी

सेनगावला जाऊन आले. सकाळची गोळी घेऊन पहिल्या एसटीनं निघाले, म्हणजे तहसीलमधल्या रेशनच्या खिडकीपाशी पोचेपर्यंत डोळे धड राहतील. ठरवलं होतं की सासरच्या कार्डावरून नाव कमी करायचं आणि हिंगोलीला स्वतःचं कार्ड काढायचं. दुसरा मार्ग मला दिसत नाही. सासूबाईंच्या वाक्याशी बेइमानी होते आहे असं रस्ताभर वाटत होतं. त्या जाऊनही आता सात-आठ वर्षं झाली.

पुरवठ्याच्या खिडकीवरचा माणूस तरुण होता, सर्दी झालेला. म्हणाला, ‘कार्ड कुणाच्या नावचं?’

‘मालकांच्या.’

‘मालकाचं नाव?’

ओठावर येतं आणि परत जातं. मागे रांग.

‘बाई, घ्या की नाव. लाजून ऱ्हायल्या काय? उखाण्यात घ्या, आमी ऐकतो.’

मागची माणसं हसली. एक म्हातारी म्हणाली, ‘घे गं माय, घे, माझा बी नंबर लागू दे.’ शेवटी मी आधार कार्ड पुढं केलं. त्यानं नंबर टाकला, नाक पुसलं आणि म्हणाला, ‘मालकाचं कशाचं? कार्ड तर तुमच्या नावचं हाय. कुटुंबप्रमुख तुमीच हायेत.’

‘मी?’

‘मंग? घरातली थोरली बाई प्रमुख ऱ्हाते. आधी नर्मदाबाई होत्या. त्या वारल्या, मंग तुमी. बराबर हाय की.’ तो पुढं वाचू लागला. ‘कुशावर्ता, स्वतः. विश्वंभर, पती. शितल, मुलगी.’

मी विचारलं, ‘कुणाची मुलगी?’

‘तुमची. वय सतरा. घरच्यांनी सांगितलं तसं लिवलेलं ऱ्हाते.’ त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ‘तुमाला ठावं न्हाई का?’

या वेळी मागं कुणी हसलं नाही.

मग तो आवाज खाली आणून बोलला. प्रमुखाचं नाव काढलं की दुसरी बाई प्रमुख होईतोवर कार्ड बंद पडणार. दुसरी बाई आहे का घरात? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, तिचं नाव तर यावर नाही. ती अजून तिच्या बापाच्या कार्डावर असेल. लग्नाचा दाखला आहे का तिचा? कुठून असणार, माझी फारकत कधी झालीच नाही.

‘मावशी, तुमी एक करा,’ तो म्हणाला. ‘सगळ्यांची केवायसी चालू हाय. तुमची बाकी हाय. करूच नका. चुपचाप घरी बसा. मुदत सरली की तुमचं नाव आपोआप उडंल. मंग न अर्ज, न कुनाची सही. आपलं नवीन कार्ड काढा.’

म्हणजे मी काहीही करायचं नाही. बसून राहायचं. ते मला येतं.

१८ फेब्रुवारी

शितल, मुलगी.

आज मशीन चालवताना दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

२१ फेब्रुवारी

भिकाबाईंना सांगितलं. त्या भडकल्या. ‘म्हंजे एवढी सालं तुझ्या नावाचं धान्य खाऊन राहिले ते! अन् तू हितं इकतचं ज्वारीचं पीठ आणतीस. त्या सासूनं तुझं नाव काहून राखलं, आता समजलं का?’

त्यांना राग येणं बरोबर आहे, पण मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, इतकी वर्षं माझ्या वाटणीचं कुणीतरी जेवत होतं. ती मुलगी रांगत होती तेव्हा माझ्या गव्हाची खीर तिला भरवली असेल. आणि सासूबाईंनी शब्द पाळला. नाव काढलं नाही.

भिकाबाई म्हणाल्या, ‘तुला तर समजावनं म्हंजे दगडाला दूध पाजनं.’ मग आतून वाटीभर वरण आणून दिलं.

५ मार्च

संध्याकाळी जेवताना घास उतरला नाही. चावता चावता जबडा थांबला. पाणी प्यायले तर ते नाकातून आलं. भिंतीला धरून उभी राहिले, थोड्या वेळानं बरं झालं. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की गिळता येईना किंवा श्वास कमी पडला तर गोळीची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. श्वास कमी पडला नव्हता. निदान तसा फार नाही.

उद्यापासून संध्याकाळी मऊ भात करीन.

मुदत सरायला अजून दिवस आहेत. मग कार्ड, मग गोळ्या. नव्या कार्डाला किती दिवस लागतात ते खिडकीवर विचारायचं राहिलं.

१५ मार्च

विश्वंभरांचा फोन आला.

अनोळखी नंबर म्हणून उचलला. ‘कुशावर्ता का?’ आवाज जाड झालाय. बाकी तोच, वाक्याच्या शेवटी खाली पडणारा.

‘व्हय.’

‘केवायसी करून घ्यायची हाय तुझी. अंगठा न्हाई तर मोबाईलवर तोंड दाखवायचं, घरबसल्या होते. रीता येईल. न्हाई केली तर कार्ड अडकंल आमचं.’

मग ते म्हणाले, ‘तब्येत बराबर हाय ना?’ मी सांगायला सुरुवात केली आणि फोन बंद झाला. रेंज गेली असेल. त्यांच्या शेताकडं रेंज राहत नाही. शिवाय संध्याकाळ होती, माझं बोलणं नाकातून येत होतं. त्यांना समजलं नसेल.

एवढ्या वर्षांनी तब्येत विचारली.

२२ मार्च

रीता येऊन गेली. शितल आली आहे. आत पडली आहे, म्हणून हे हळू लिहिते.

सकाळी येतो म्हणाल्या होत्या, आल्या दिवस मावळताना. घरी हळद शिजवायचं मशीन आलेलं, माणसांना जेवू घालून निघाल्या. रीताच्या नखांत अजून पिवळं होतं. मी तिला एकदाच पाहिलं होतं, तेव्हा ती माझ्याहून बारीक होती. आता आम्ही दोघीही रुंद झालो आहोत. ती दारातच थबकली, माझ्या डोळ्यांकडे पाहून मुलीच्या कानाशी म्हणाली, ‘पिऊन हायेत का गं ह्या?’

‘आई!’ मुलगी ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मोठी आई, मी शितल.’

नाक सासूबाईंचं आहे.

चहा केला. रीता बसली नाही. म्हणाली, ‘पटकन करून टाका बाई. शेवटची गाडी चुकंल.’ शितलनं मोबाईल माझ्यासमोर धरला. गोल चौकटीत माझं तोंड आलं. मी आरशात फारसं बघत नाही. मोबाईलवर अक्षरं येत होती, डोळे मिटा आणि उघडा. मिटले. उघडले नाहीत. म्हणजे मला उघडल्यासारखे वाटत होते, पण मोबाईलला दिसेनात.

‘मोठी आई, डोळा मोठा करा ना जरासा.’

‘होईना गं.’

तिनं बोटाच्या टोकानं माझी पापणी वर उचलली, अगदी अलगद. मोबाईल म्हणाला, चेहऱ्यासमोरून हात काढा. तीन-चार वेळा असंच झालं. रीता घड्याळ बघत होती. ‘मुद्दाम करून ऱ्हायल्या ह्या,’ ती म्हणाली. ‘नाव उडू द्यायचं हाय ह्यायला. मला ठावं हाय. त्या हाफिसात जाऊन आल्या म्हनून आमच्या कानावर आलंय.’

तेव्हा मी ऑफिसात का गेले होते ते खरं सांगायला हवं होतं. मी फक्त म्हणाले, ‘सकाळी गोळी घेतल्यावर उघडतात. सकाळी कर म्हणावं हिला.’

रीता मुलीकडे पाहत राहिली. घरी शिजवण चालू, माणसं थांबलेली. शेवटी म्हणाली, ‘ऱ्हा मंग हितं. सकाळी झालं की पैल्या गाडीनं ये.’ उंबऱ्यापाशी चप्पल घालताना थांबली, माझ्याकडे न बघता बोलली, ‘तिला तिखट चालत न्हाई.’

मऊ भात दोघींपुरता टाकला. शितलनं पाहिलं की मी सावकाश गिळते, तर तीही सावकाश जेवायला लागली. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन चिठ्ठी वाचली. म्हणाली, ‘हितं तर चार येळा लिवलंय. तुमी संध्याकाळची काहून नाही घेतली?’

म्हटलं, ‘विसरले.’

‘मंग आता घ्या.’

घेतली. आज संध्याकाळी माझं तोंड बघायला कुणीतरी आहे.

२३ मार्च

ती गेली. खोली झाडली.

सकाळी गोळी घेतली आणि आम्ही दोघी वाट पाहत बसलो. चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी ती माझ्या पापणीकडे बघत होती. बारावीचा शेवटचा पेपर नुकताच झालाय, नर्सिंगला जायचंय, म्हणत होती. आई म्हणते लग्न कर, बाबा म्हणतात बघू. अर्जाला रेशन कार्ड लागतं. ‘पर ते आजीच्या देव्हाऱ्यात ऱ्हाते,’ ती म्हणाली, ‘हळदीकुंकू लावून. बाबा कुनाला हात लावू देत न्हाईत. झेरॉक्सला सुदिक सोता घेऊन जातेत.’

मी विचारलं, ‘शाळेत आईचं नाव काय लावलंय तुझ्या?’

‘रीता.’ मग जरा थांबून, ‘कार्डावर तुमचं हाय. मला ठावं हाय. सातवीत होते तवापासून. मैत्रिणी चिडवायच्या, हिला दोन आया. मी म्हनायची, तुमाला एक तरी हाय का धड?’

मी हसले. ती ओरडली, ‘उचलली! पापणी उचलली! हसू नका, हसू नका, आधी इकडं बघा.’

मोबाईल धरला. मिटले, उघडले. हिरवी खूण आली.

खिडकीवरच्या माणसाचं सगळं मला आठवत होतं. काही करू नका, बसून राहा. एवढंच तर करायचं होतं. का नाही बसले ते लिहायला ही वही उघडली, पण लिहिता येत नाही. मोबाईल विचारत होता की ही बाई तीच आहे का, आणि ती पोरगी श्वास रोखून बसली होती.

जाताना म्हणाली, ‘तुमी एकट्या कशा ऱ्हाता? मला तर गुरांच्या वाडग्यात सुदिक भ्या वाटते.’ मी म्हटलं, सवय होते. तिनं गोळ्यांची पट्टी उचलून माझ्या मशीनवर ठेवली, सुईच्या अगदी जवळ, दिसेल अशी.

३१ मार्च

काल पाडवा झाला. भिकाबाईंनी गाठी दिली, ती मी मशीनच्या चाकाला अडकवली.

संध्याकाळची गोळी पुन्हा बंद आहे. पट्टी पुरत नाही.

४ एप्रिल

नांदेड. मॅडमना म्हटलं, माझं काम होणार नाही, नाव सासरच्याच कार्डावर राहिलं. का राहिलं ते सांगितलं नाही. त्यांनी मोबाईलवर माझा आधार नंबर टाकून पाहिला आणि हसल्या.

‘अहो बाई, मग झालंच की! धान्याचं कार्ड आहे, तुम्ही प्रमुख आहात, केवायसी पूर्ण. वेगळं कार्ड कशाला पाहिजे? हेच आणा. महिन्यातून एकदा अस्सल कार्ड दाखवायचं, शिक्का घ्यायचा, गोळ्या न्यायच्या. चारही वेळच्या मिळतील.’

चारही वेळच्या. मी मान डोलावली, जशी काही कार्ड माझ्या पिशवीतच होतं.

परतताना वसमतपर्यंत खिडकीबाहेर हळदीचे पिवळे ढीग वाळत पडलेले. माझ्या नावाचं कार्ड एका देव्हाऱ्यात आहे, त्यावर रोज हळदीकुंकू वाहिलं जातं, आणि ते मला एका दिवसासाठी मिळणार नाही. मला हसू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘बरं वाटंना का?’

८ एप्रिल

भिकाबाई म्हणतात, ‘मागायचं कशाला? जाऊन उचलून आण. तुझंच हाय.’ त्यांना सोपं वाटतं. त्या उंबऱ्यातून मी निघाले तेव्हा ताटवाटीसुद्धा मागितली नव्हती. तेच एक माझ्याकडे होतं, की काही मागितलं नाही.

रीताला फोन केला. म्हणाली, ‘कार्ड? काहून? ते बाहेर जात न्हाई आमच्यात. एकदा बाहेर गेलं अन् तुमी दिलंच न्हाई तर?’ मी म्हटलं, मी कशाला ठेवून घेऊ? ती म्हणाली, ‘ह्यायला इचारा.’ मागून शितलचा आवाज आला, कोण हाय गं, कोण हाय? माझं बोलणं जड झालं होतं, शब्द जुळवेपर्यंत रीतानं फोन ठेवला. संध्याकाळ होती.

१२ एप्रिल

काल जेवताना पुन्हा घास अडकला. या वेळी थोडा जास्त वेळ.

आज सकाळची गोळी घेतली. पापणी उघडी असेतोवर लिहून टाकते, मग मोबाईलवर उतरवून विश्वंभरांना पाठवीन. ते ‘न्हाई’ म्हणतील. बहुतेक तेवढंही म्हणणार नाहीत, रेंज नसेल. तरी पाठवते.

‘नमस्कार. माझी तब्येत विचारली होती, ते सांगायचं राहून गेलं. मला रोज गोळ्या लागतात, त्या न घेतल्या तर गिळता येत नाही. आपलं कार्ड दाखवलं तर नांदेडच्या दवाखान्यात त्या फुकट मिळतात. महिन्यातून एक दिवस कार्ड द्यावं, दुसऱ्या दिवशी परत येईल. नाव कमी करणार नाही, वेगळं कार्ड काढणार नाही, सासूबाईंच्या देव्हाऱ्याची शपथ. मी आजवर काही मागितलेलं नाही. कार्ड शितलच्याच हाती पाठवावं, दुसऱ्या कुणाच्या नको. नांदेडची गाडी सकाळी लवकर असते, म्हणून ती आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे आली तर बरं पडेल.’